गाडीची ताकद आणि डिझेलची वाट



दसरा जवळ आला, बॉयलर पेटवायची तारीख ठरली, की वाहन विभागाच्या वर्कशॉपसमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. कुणाला ब्रेक लायनर बदलायचे असतात, कुणाला पाटे दुरुस्त करायचे असतात. पण दहांतले तीन-चार गाडीमालक काम आटोपल्यावर जरा बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात, "पंप थोडा वाढवून देता का? गेल्या साली चढाला गाडी फार दमली."

बाजूला घेऊन विचारतात, कारण पंपाचे सील तोडावे लागते हे त्यांनाही ठाऊक असते.

विचारणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. गाडी कर्जाची, हंगाम चार-पाच महिन्यांचा, टोळीला उचल देऊन बसलेला माणूस. गाडी दमली की खेप चुकते, खेप चुकली की तोडलेला ऊस फडात वाळत पडतो, आणि वाळलेल्या उसाचे वजन काट्यावर सभासदाचेच कमी भरते. म्हणजे प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा राहत नाही. म्हणून त्याचे उत्तर कानात न सांगता इथे सविस्तर देतो.

उत्तर थोडक्यात असे. ताकद वाढवता येते, पण ती पंपावरच्या स्क्रूत ठेवलेली नसते. टाकीच्या झाकणापासून नोझलच्या छिद्रापर्यंत डिझेलची जी वाट आहे, ती सगळी जादा डिझेल वाहून न्यायला तयार करावी लागते, आणि ते जाळायला तेवढी हवा द्यावी लागते. हे न करता नुसता स्क्रू पिळला तर चार दिवस गाडी ओढते, धूर काढते आणि पाचव्या दिवशी पिस्टन घेऊन बसते.

एक खुलासा आधीच करतो. खाली जे लिहिले आहे ते जुन्या पद्धतीच्या, एका ओळीत एलिमेंट असलेल्या यांत्रिक पंपाच्या ट्रकांविषयी आणि ट्रॅक्टरांविषयी आहे. आपल्याकडे या पंपाला सगळे मायको पंपच म्हणतात. मायको ही १९५१ साली निघालेली कंपनी. २००८ सालापासून तिचे नाव बॉश आहे, पण मिस्त्रीच्या तोंडातून मायको काही जात नाही. नव्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचे वेगळे आहे, ते शेवटी सांगतो.

हिशेब एका थेंबाचा

एक अश्वशक्ती एक तास चालवायला साधारण १७० ग्रॅम डिझेल लागते. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम. म्हणजे एका अश्वशक्तीला तासाला जवळजवळ पाव लिटरपेक्षा थोडे कमी, २०० मिलिलिटर. इंजिन जुने असेल तर याहून जास्त. हा आकडा पाठ करून ठेवावा. गाडीमालकाला आयुष्यभर उपयोगी पडतो.

आता सहा सिलिंडरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन घ्या. पूर्ण ताकदीवर ते तासाला २६ लिटर डिझेल पिते. त्याच इंजिनातून १६० अश्वशक्ती काढायची तर ३२ लिटर द्यावे लागेल. ऐकायला फरक सहाच लिटरचा. पण हे सहा लिटर पोहोचतात कसे ते बघा.

इंजिन मिनिटाला २,४०० फेरे फिरते तेव्हा सहा सिलिंडर मिळून मिनिटाला ७,२०० वेळा डिझेल फवारले जाते. तासाचे झाले चार लाख बत्तीस हजार फवारे. २६ लिटरला या आकड्याने भागले की एका फवाऱ्याला ६० घनमिलिमीटर डिझेल येते. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब साधारण ५० घनमिलिमीटरचा असतो. म्हणजे अठरा टनांची गाडी चढावर ओढून नेणारे इंजिन एका वेळी एका थेंबाएवढे डिझेल खाते. आणि १६० अश्वशक्तीसाठी हा थेंब ७४ घनमिलिमीटरचा करायचा आहे. सगळा खटाटोप या चौदा घनमिलिमीटरसाठी.

त्यात हा थेंब क्रँक पंचवीसेक अंश फिरेपर्यंत आत गेला पाहिजे. २,४०० फेऱ्यांना पंचवीस अंश फिरायला सेकंदाचा सुमारे पाचशे पंचाहत्तरावा भाग लागतो. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असे पन्नासेक थेंब वेळच्या वेळी, सारख्या मापाने, धुक्यासारखे बारीक होऊन जायला हवेत. डिझेल इंजिन काढणाऱ्या रुडॉल्फ डिझेलला हेच जमले नव्हते. त्याचे १८९७ सालचे इंजिन दाबलेल्या हवेने डिझेल आत फुंकायचे आणि त्यासाठी वेगळा भलामोठा कॉम्प्रेसर लागायचा. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ साली पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले, तेव्हा कुठे डिझेल इंजिन गाडीवर सुटसुटीत बसू लागले. ज्याला आपण पान्याने ठोकतो त्या पंपाची ही पायरी आहे.

आधी टाकी, मग पंप

विहिरीवर मोटार बसवलेल्या माणसाला डिझेलची वाट समजावून सांगायला वेळ लागत नाही. फूट व्हॉल्व्ह पाल्याने भरला असेल तर वर तिनाच्या जागी पाचची मोटार बसवून पाणी वाढत नाही. सक्शनच्या पाइपला सुईएवढे भोक असेल तर मोटार हवा धरते. गाडीचेही अगदी हेच.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायचे बारीक छिद्र असते. उसाचा धुरळा आणि वंगणाचा चिकटा बसून ते बुजते. डिझेल उपसले जाते, वर हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर ओढायची थांबते. ड्रायव्हर झाकण उघडतो, 'फुस्स' असा आवाज येतो, गाडी पुन्हा पळते. असा आवाज ज्याच्या गाडीला येतो त्याने पंप वाढवायचे नाव काढू नये. टाचणी घ्यावी आणि छिद्र साफ करावे. ताकद फुकटात परत.

टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी असते. थंडीच्या रात्री अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी केली की आतल्या हवेतले पाणी पत्र्यावर धरते आणि खाली उतरते. म्हणून डिझेल सकाळी न भरता रात्री गाडी लावताना भरावे. हंगामाआधी टाकी उतरवून धुणे हे पहिले काम. ते फार कमी जण करतात, कारण त्यात दिवस मोडतो.

टाकीतून फीड पंपाकडे येणारी नळी बघा. ती चेपलेली असते, कुठे तरी रबराचा तुकडा घालून जोडलेली असते आणि तो तुकडा आतून फुगलेला असतो. वरून धडधाकट दिसतो, आत काडी जायला जागा नसते. जादा अश्वशक्ती हवी असेल तर ही नळी बदलताना एक माप मोठी घालावी. नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटरचा १० केला, म्हणजे सव्वापट केला, तर डिझेलला होणारा अडथळा निम्म्याहून कमी होतो. अख्ख्या कामात याच्याइतके स्वस्त आणि बिनधोक काम दुसरे नाही. मात्र जोड कमी ठेवावेत आणि तांब्याचे वायसर नवे घालावेत. सक्शनच्या बाजूला गळती बाहेर दिसत नाही. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

फीड पंपाचे काम मुख्य पंपाला डिझेल पुरवायचे. तो जळते त्याच्या किमान दुप्पट डिझेल ढकलणारा हवा. जादाचे डिझेल रिटर्नने टाकीत परत जाते. "मग वाया कशाला फिरवायचं?" असे एका सभासदाने विचारले होते. ते वाया जात नाही. जाताना पंपातली उष्णता आणि हवेचे बुडबुडे घेऊन जाते, आणि मुख्य पंपाच्या आतल्या पाटात दाब टिकवते. हा दाब साधारण एक ते दीड किलो असतो. तुम्ही पंप वाढवला, जळणारे डिझेल वाढले, पण फीड पंप तोच जुना, व्हॉल्व्ह झिजलेले, तर रिटर्नला डिझेल उरत नाही आणि पाटातला दाब पडतो. पुढे काय होते ते पाटकऱ्याला विचारा: पाण्याचा जोर कमी झाला की टेलची सरी कोरडी राहते. शेवटच्या एलिमेंटचे तसेच होते. पाच सिलिंडर जादा खातात, सहावा उपाशी, गाडी थरथरते आणि मिस्त्री म्हणतो नोझल खराब आहे.

हे तपासायला फार काही लागत नाही. फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामध्ये दाबाचा लहान मीटर बसवावा आणि गाडी भरून चढाला न्यावी. उभ्या गाडीवर बघून उपयोग नाही. मोकळ्या इंजिनावर सगळेच पंप चांगले. चढावर काटा पडू लागला तर आधी फिल्टर बदलावेत. तरीही पडला तर फीड पंपाचा पिस्टन, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह नवे टाकावेत. फीड पंपाच्या तोंडाची बारीक जाळी काढून बघायला विसरू नये. कित्येकांना ती तिथे असते हेच माहीत नसते.

फिल्टरचे एवढेच सांगतो. एलिमेंटचा प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. त्या फटीत तेल-वंगण दुसरे कुठले जात नाही, डिझेलच तिथले वंगण. धुरळा गेला तर प्लंजरला ओरखडे, रॉकेलची भेसळ असेल तर वंगणच पातळ. कापडी फिल्टर धुऊन वापरतात ते एक वेळ चालेल. कागदी फिल्टर धुऊन फुंकून बसवणारा आपल्या पंपात हाताने माती घालतो आहे.

आमचा अनुभव असा की "पंप वाढवा" म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या इथपर्यंतच्या कामाने खूश होऊन परत जातात. त्यांची ताकद गेलेली होती, कमी नव्हती.

धुराची भाषा

पुढे जायचे की नाही हे धूर सांगतो. पूर्ण भाराला गाडी दमते आणि धूर नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचत नाही, वाट बघा. दमते आणि काळा धूर काढते, तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी आहे किंवा फवारा बिघडला आहे. अशा गाडीला पंप वाढवणे म्हणजे भरल्या पोटावर आणखी घास कोंबणे. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल: टायमिंग मागे, नोझल गळते, किंवा इंजिन गार. निळा धूर म्हणजे वंगण जळते, लायनर-पिस्टनची वेळ आली. आपल्याकडे उलटी समजूत अशी की काळा धूर म्हणजे ताकद. ड्रायव्हर मंडळी तो अभिमानाने दाखवतात. तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि न जळता गेलेले डिझेल आहे.

स्क्रू, एलिमेंट आणि नोझल

वाट मोकळी आहे, फिल्टर नवे आहेत, धूर स्वच्छ आहे, इंजिनाचे कॉम्प्रेशन चांगले आहे, आणि तरीही ताकद हवी आहे, असे असेल तर आता मुख्य पंपाकडे वळू.

स्क्रू फिरवला की पंपातली रॅक जास्त सरकते, प्रत्येक एलिमेंट जास्त डिझेल देतो. पण कसा देतो? प्लंजर तेवढ्याच जाडीचा आहे, म्हणून जादा डिझेल द्यायला त्याला जास्त वेळ ढकलावे लागते. फवारा सुरू व्हायची वेळ तीच, संपायची वेळ मात्र पुढे जाते. हीच ती गोम आहे. उशिरा पडलेले डिझेल पिस्टन खाली निघाल्यावर जळते. त्याचा ढकलायला फारसा उपयोग होत नाही, उष्णता मात्र सगळी पिस्टनच्या डोक्याला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि टर्बो असेल तर त्याच्या पंख्याला मिळते. म्हणून स्क्रूने मिळालेली पहिली पाच-सात अश्वशक्ती खरी असते, पुढची बहुतेक गरमी असते.

खरा उपाय असा की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल जावे. त्यासाठी जाड एलिमेंट लागतात. ८ मिलिमीटरचा प्लंजर ९ चा केला तर तेवढ्याच उचलीत सव्वापट डिझेल निघते. ६० चे ७४ करायला ते पुरते. मात्र पंपाच्या कॅमवर आणि रोलरवर भार त्याच प्रमाणात वाढतो, आणि प्रत्येक पंपाच्या घराला एलिमेंटच्या जाडीची मर्यादा असते. पंपाच्या पाटीवर जो नंबर कोरलेला असतो तो बघून पंपवाला सांगेल की त्यात कितीचे बसतात. "बसवून टाकू, काय होतंय" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

एलिमेंट जाड केले आणि नोझल जुनेच ठेवले तर बारीक छिद्रातून जादा डिझेल रेटावे लागते, दाब चढतो, नळ्या फुटतात. नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या पाव-तीन दशांश भागाएवढी असतात. ०.३० ची ०.३३ केली तर छिद्राचे क्षेत्र एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे पुरते. याहून मोठी करायचा मोह टाळावा. छिद्र मोठे झाले की थेंब मोठा पडतो, तो हवेत जळण्याआधी पिस्टनच्या वाटीवर आपटतो, काजळी धरतो आणि लायनरवरचे तेल धुऊन नेतो. तारेने छिद्रे कोरणारे कारागीर मी बघितले आहेत. त्यांचे हात सोन्यासारखे असले तरी सहाही नोझलची सगळी छिद्रे सारखी कोरणे हाताच्या बाहेरचे आहे.

नोझल उघडायचा दाब साधारण दोनशे किलोच्या आसपास असतो. कंपनीने सांगितला असेल तोच ठेवावा. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट धरू नये. तो फवारा कातडीतून आत शिरतो, जखम सुईएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा आणि डिझेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पंपापासून नोझलपर्यंतच्या सहा नळ्या एकाच लांबीच्या असतात. पहिल्या सिलिंडरची नळी उगीच वळणे घेत गेलेली दिसते, ती बनवणाऱ्याची चूक नव्हे. लांबी सारखी म्हणून फवारा सारख्या वेळी. ती 'सरळ' करून कापून बसवलेली गाडी माझ्याकडे आली आहे.

आता कॅलिब्रेशन. पंप वाढवायचा तो बेंचवर, गाडीवर नाही. बेंचवर सहा काचेच्या नळ्या असतात. ६० घनमिलिमीटरच्या हिशेबाने दोनशे फवाऱ्यांना प्रत्येक नळीत १२ घनसेंटिमीटर डिझेल जमले पाहिजे. ७४ च्या हिशेबाने १४.८. सहाही नळ्या दोन-तीन टक्क्यांच्या आत सारख्या हव्यात. एकूण बेरीज बरोबर आली म्हणून समाधान मानू नये. एकात १६ आणि दुसऱ्यात १३.६ असेल तर बेरीज जुळते, पण सोळावाला पिस्टन जळतो. पंपवाल्याकडून हे सहा आकडे कागदावर लिहून घ्यावेत. जो कागद देत नाही त्याने बेंच चालवलेच नसेल असे खुशाल समजावे.

हवा कुठून आणणार?

एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलो हवा लागते. एका लिटरचा हिशेब केला तर सुमारे दहा हजार लिटर हवा. हे कागदावरचे, प्रत्यक्षात सिलिंडरमधली सगळी हवा डिझेलला भेटत नाही, म्हणून धुराशिवाय जाळायला याच्या सव्वा ते दीडपट हवा ठेवावी लागते. बिनटर्बोच्या इंजिनात सिलिंडर जेवढा मोठा तेवढीच हवा येणार. बनवणाऱ्याने डिझेल त्या हवेला पुरेल एवढे आधीच ठेवलेले असते. म्हणून बिनटर्बोच्या गाडीला पंप वाढवायला जागा फारच थोडी. अशा गाडीने एअर क्लीनर साफ ठेवावा, टॅपेट नीट लावावेत आणि गप्प राहावे, हे माझे मत. कुणाला आवडो न आवडो.

टर्बोच्या गाडीत जादा हवा मिळते, पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. ११० अंशांची हवा इंटरकूलरने ५५ अंशांवर आणली तर तेवढ्याच जागेत सुमारे सतरा टक्के जास्त हवा मावते. म्हणून इंटरकूलरच्या नळ्यांचे क्लिप आणि रबरी होज आधी तपासावेत. तिथे एक भेग असली तर काळा धूर आणि दोष पंपाला. काही टर्बो पंपांच्या गव्हर्नरवर एक डबी असते. टर्बोचा दाब येईपर्यंत ती डिझेल रोखून धरते. "पिकअप येत नाही" म्हणून ती काढून टाकणारे आहेत. काढू नये.

बिनटर्बोच्या इंजिनाला बाजारातला टर्बो जोडून पंप वाढवायचा, हा तिसरा मार्ग सांगितला जातो. कंपनी तेच इंजिन टर्बोसह विकते तेव्हा त्याचे पिस्टन, गॅस्केट, पिस्टनखाली तेल मारणारे जेट, तेलाचा कूलर हे सगळे वेगळे असते. ते न बदलता टर्बो जोडणे म्हणजे जुन्या भिंतीवर माडी चढवणे.

पाच-सहा हंगामांमागची गोष्ट. आमच्याकडे वाहतुकीला असलेली एक टर्बोची गाडी, पंप रस्त्यावरच वाढवून घेतलेला. डांबरी रस्त्यावर गाडी उत्तम पळायची, मालक खूश. जानेवारीत एका फडातून चिखलाच्या रस्त्याने, पहिल्या गिअरवर, पूर्ण रेसने ती अर्धा तास बाहेर पडत होती. वेग माणसाच्या चालीचा, रेडिएटरला वारा नाही, जाळीवर पाचट चिकटलेले. इंजिनात जळते त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि तिसरा पाण्यात उतरतो. म्हणजे तीस अश्वशक्ती वाढवली तर रेडिएटरवरही जवळजवळ तेवढीच उष्णता जादा पडते. तिचा विचार कुणी केला नव्हता. पाण्याचा काटा चढला तेव्हा ड्रायव्हरने गाडी थांबवली, पण उशीर झाला होता. उघडून बघितले तर चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनला रुपयाएवढे भोक पडलेले. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी. चौथ्याचाच का गेला? पंप बेंचवर लावला, चौथ्या नळीत बाकीच्यांपेक्षा दीड घनसेंटिमीटर जास्त डिझेल पडले. गाडी तेवीस दिवस उभी राहिली. त्या टोळीचा ऊस दुसऱ्या गाड्यांनी जमेल तसा आणला, काही तोडून चार दिवस पडलेला. मालकाने पुढच्या हंगामाला गाडी विकली.

म्हणून ज्याला खरोखर वाढवायचेच आहे त्याने एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर तापमानाचा मीटर बसवावा. टर्बोच्या आधी मोजून काटा सतत सातशे अंशांच्या आसपास राहू लागला तर ड्रायव्हरने पाय काढावा, खालचा गिअर घ्यावा. मीटरची किंमत एका पिस्टनच्या किटपुढे काहीच नाही.

चढाचा हिशेब

आता फायदा किती ते बघू. अठरा टन वजनाची भरलेली गाडी, शंभराला सहा असा चढ, लांबी दोन किलोमीटर. १३० अश्वशक्तीने गाडी ताशी २४ किलोमीटरने चढेल, पाच मिनिटे लागतील. १६० ने ताशी २९-३० ने चढेल, चार मिनिटे लागतील. वाचले एक मिनिट. डिझेल दोन्ही वेळा दोन लिटरांच्या थोडे वर, सारखेच. वजन वर न्यायचे काम तेच, त्याला डिझेल तेच. आणि हे सगळे डिझेल नीट जळले तर. धूर निघाला की दुसऱ्या गाडीचा खर्च वाढला.

हे मिनिट वाचवून गाडी कारखान्यावर येते आणि केनयार्डात नंबर लागेपर्यंत चार-सहा तास उभी राहते. हा दोष गाडीवाल्याचा नाही, तोडणी आणि गाळप यांचा मेळ घालणे कारखान्याचे काम आहे, आणि तिथे आम्हीही कमी पडतो, हे कबूल करतो. पण म्हणून त्या एका मिनिटासाठी इंजिन पणाला लावायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. फडातून बाहेर काढायला अश्वशक्तीपेक्षा खालचा गिअर, चांगले टायर आणि बेताचे वजन जास्त कामाला येते. ताकद वाढली म्हणून दोन टन जास्त भरणाऱ्याने ब्रेक, पाटे आणि क्राऊन-पिनियन कुणी वाढवले ते आधी सांगावे. चढाला ओढणारी गाडी उताराला थांबावीही लागते.

कायद्याचेही एक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आपल्या गाडीच्या पुस्तकात अश्वशक्ती लिहिलेली असेल तर ती बघावी. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने तुटलेले सील बघितले तर भांडणात आपली बाजू लंगडी पडते. म्हणून कंपनीच्या मापापर्यंत गेलेली ताकद परत आणणे हे निर्धास्त काम. त्यापुढचे प्रत्येक पाऊल पूर्ण विचाराने.

नव्या गाड्यांचे थोडक्यात सांगतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांत आणि जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांत जुना यांत्रिक पंप चालत नाही. त्या ट्रकांत कॉमन रेल असते, दाब दीड-दोन हजार किलोपर्यंत जातो आणि किती डिझेल केव्हा द्यायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. अशा गाडीची नळी इंजिन चालू असताना कदापि सैल करू नये. वायरच्या मध्ये डबी जोडून ताकद वाढवून देणारे लोक फिरतात. ती डबी कॉम्प्युटरला खोटे आकडे सांगते, एवढेच. धूर वाढला की सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबतो, आणि तो बदलायच्या खर्चात जुनी गाडी खाली करून रंगवून होते. या गाड्यांना डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलणे, त्यातले पाणी काढणे आणि चांगल्या पंपावर डिझेल भरणे यापलीकडे मालकाने हात लावायला जागा नाही.

शेवटी, ज्यांचे पंप यंदा बेंचवरून आले आहेत त्यांच्यासाठी. पहिल्या दोन खेपा निम्म्या वजनाने कराव्यात. पंप बसवताना टायमिंग स्पिलने जुळवले का ते मिस्त्रीला विचारावे. खुणेला खूण लावली एवढ्यावर थांबू नये, कारण नोझल-एलिमेंट बदलल्यावर ती खूण जुनी झालेली असते. आणि रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी डिपस्टिक बघावी. तेल कमी झालेले सगळे बघतात, वाढलेले कुणी बघत नाही. पातळी वर गेली असेल, तेल पातळ लागत असेल आणि हुंगल्यावर डिझेलचा वास येत असेल, तर नोझल गळते आहे किंवा फीड पंपाचे सील गेले आहे. त्या दिवशी गाडी फडाकडे न नेता वर्कशॉपकडे आणावी.